कॅमेरा कुठे बसलाय, ते आधी बघा

वाचकांचे प्रश्न

दोन अंकांपूर्वी मी इथे एका ओळीत लिहिलं होतं, की इंटरनेटवरचा व्हिडिओ आरशातल्यासारखा पलटून पाहता येतो. त्या ओळीवर इतकी पत्रं आली, की हा अंक त्याच विषयाला दिला आहे. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे पलटणं म्हणजे माझ्यासाठी आधी परावर्तन आणि मग फोनचं बटण. शिवाय मी स्वतः डावखुरी. हा विषय माझ्या हातांचा आहे.

प्रश्न : नमस्कार बाई. मी डावखुरी आहे. सासूबाईंनी मला क्रोशे शिकवायचा मनापासून प्रयत्न केला, पण त्यांच्या शेजारी बसलं की माझी सुई अडते. यूट्यूबवर शिकायला गेले तर तिथेही सगळ्या उजव्या हाताने विणणाऱ्या. माझ्याकडे लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन दोन्ही आहेत. काय करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझी मावशी आठवली. मी चौथीत होते. शाळेत डाव्या हाताने लिहिलं की पट्टी बसायची, घरी प्रसादाला डावा हात पुढे केला की हातावर चापट. मावशीने मात्र पहिल्याच दिवशी ओळखलं, की शेजारी बसवून या मुलीला काही शिकवता येणार नाही. तिने मला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून, आणि म्हणाली, "माझ्या हाताकडे बघ आणि आरशात बघितल्यासारखं कर." संध्याकाळपर्यंत माझी वीतभर साखळी झाली होती.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं तंत्राचं नाही. व्हिडिओ लावल्यावर कॅमेरा कुठे बसलाय ते बघा. विणणारीच्या समोर बसून चित्रण केलं असेल, तर तिचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला दिसतो. असा व्हिडिओ तुम्हाला आहे तसाच चालतो. ती माझी मावशीच आहे असं समजा. पण क्रोशाचे बहुतेक व्हिडिओ विणणारीच्या डोक्यावरून किंवा खांद्यावरून, तिला स्वतःला दिसतं तसे घेतलेले असतात. ते तुम्हाला पलटावे लागतील.

लॅपटॉपवर हे काम सगळ्यात सोपं. क्रोम किंवा एजमध्ये छोटी जोडणी, म्हणजे एक्स्टेन्शन, बसवता येते. क्रोमच्या वेब स्टोअरमध्ये 'मिरर व्हिडिओ' किंवा 'फ्लिप व्हिडिओ' असं इंग्रजीत शोधा, अनेक मिळतील. बसवण्याआधी ती काय परवानगी मागते ते मात्र वाचा. 'सगळ्या वेबसाइटवरची माहिती वाचणे आणि बदलणे' असं लिहिलेलं असतं. चित्र पलटण्यासाठी पानात बदल करावा लागतो, म्हणून ही परवानगी मागितली जाते. पण मग बँकेचं पानही त्यात आलं. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात 'साइट अ‍ॅक्सेस' असतं, तिथे 'क्लिक केल्यावरच' हा पर्याय निवडा. मी कुठलीही जोडणी याशिवाय ठेवत नाही.

जोडणी नको असेल तर दुसरा रस्ता आहे, आणि गणिताची शिक्षिका म्हणून तो मला जास्त आवडतो. यूट्यूबच्या चित्रावर माउसचं उजवं बटण दाबलं की यूट्यूबची स्वतःची यादी उघडते. तिथेच पुन्हा एकदा उजवं बटण दाबा, आता ब्राउझरची यादी उघडेल. तिच्यात तळाशी 'इन्स्पेक्ट' आहे. त्यातून पानाची रचना दिसते. त्या रचनेत 'व्हिडिओ' नावाचा टॅग शोधून निवडा आणि शैलीच्या रकान्यात सगळ्यात वर जी मोकळी जागा असते, तिथे ट्रान्सफॉर्म हा गुणधर्म लिहून त्याची किंमत स्केल-एक्स, कंसात उणे १ अशी द्या. अर्थात हे सगळं इंग्रजी अक्षरांत. ब्राउझर काय करतो, तर चित्राच्या मधोमध एक उभी रेघ मानतो आणि प्रत्येक बिंदूचा क्ष, म्हणजे त्या रेघेपासूनचं आडवं अंतर, उणे १ ने गुणतो. रेघेच्या उजवीकडे ३ सेंटीमीटरवर असलेली सुई डावीकडे ३ सेंटीमीटरवर जाते. य, म्हणजे उभं अंतर, बदलत नाही, म्हणून डोकं वरच राहतं. नववीच्या आलेखाच्या तासाला केलेलं परावर्तन ते हेच. पान पुन्हा लोड केलं की व्हिडिओ मूळ रूपात येतो, त्यामुळे काही बिघडेल अशी भीती नको.

या दोन्ही रीतींत फक्त चित्र पलटतं. थांबवायचं बटण, वेळेची पट्टी आणि यूट्यूबने चित्रावर वेगळी दाखवलेली सबटायटल्स सरळच राहतात. जी अक्षरं चित्रातच उमटलेली असतात, ती मात्र उलटी दिसतात. आवाजही पलटत नाही. विणणारी "उजवीकडून डावीकडे" म्हणेल तेव्हा तुमचे हात डावीकडून उजवीकडे जात असतील. गोल विणताना उजव्या हाताची बाई घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जाते, तुम्ही काट्यांच्या दिशेने जाल. सुरुवातीला मी आवाज बंद करून शिकायला सांगते. साखळी आणि खांब हे टाके हातात बसले, की मग ऐका.

फोनवर यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये पलटायची सोय नाही, आणि अँड्रॉइडवरच्या क्रोमला जोडण्या लावता येत नाहीत. फायरफॉक्सला येतात. तेव्हा फायरफॉक्स घ्या, त्यात पलटणारं अ‍ॅड-ऑन बसवा आणि यूट्यूबची वेबसाइट त्यातच उघडा. दुव्यावर नुसतं बोट टेकवलं तर फोन तुम्हाला पुन्हा अ‍ॅपमध्ये नेण्याची शक्यता असते. म्हणून दुवा दाबून धरा आणि नव्या टॅबमध्ये उघडा. आयफोनवाल्यांसाठी सांगते, २०२१ पासून, म्हणजे आयओएस १५ पासून, सफारीलाही जोडण्या बसतात.

आणि यातलं काहीच जमलं नाही, तर फोन आरशासमोर उभा करा, पडदा आरशाकडे. तुम्ही फोनच्या मागे बसून आरशात बघा. चित्र लहान दिसतं, कारण नजर आधी आरशापर्यंत आणि मग तिथून परत फोनपर्यंत जाते. पण इंटरनेट नसलं, अ‍ॅप नसलं तरी ही युक्ती चुकत नाही. टॅबलेट असेल तर उत्तमच.

एक जागा अशी आहे जिथे पलटू नका. तोरणावर 'शुभ लाभ' किंवा रुमालावर 'श्री' विणायचं असेल, तर पलटलेला व्हिडिओ किंवा पलटलेला नकाशा, म्हणजे टाके दाखवणारा आराखडा, वापरला की अक्षरंही उलटी विणली जातात. भाचीच्या वास्तुशांतीला मी असं एक तोरण विणलं होतं आणि शेवटच्या ओळीला माझ्या लक्षात आलं. सगळं उसवलं. तेव्हापासून अक्षरांचा नकाशा मी सरळच ठेवते, फक्त ओळ दुसऱ्या टोकापासून वाचायला सुरुवात करते. फुला-पानांचा नकाशा बटर पेपरवर उतरवून कागद उलटा केला की काम झालं.

प्रश्न : बाई, मी लहान मुलींना कथक शिकवते. घरी सरावासाठी तत्कार, म्हणजे पायांनी वाजवायचे बोल, फोनवर रेकॉर्ड करून पाठवते. अर्ध्या मुली उजव्या पायाने सुरू करतात, अर्ध्या डाव्या. व्हिडिओ तर सगळ्यांना एकच पाठवलाय! माझा फोन बिघडलाय का?
— एक नृत्यशिक्षिका, नाशिक

उत्तर : फोन ठीक आहे, आणि तुमच्या मुलीही चुकत नाहीत. 'ता थेई थेई तत्' उजव्या पायाने सुरू होतं आणि 'आ थेई थेई तत्' डाव्या. तुम्ही मुलींकडे तोंड करून नाचता तेव्हा तुमचा उजवा पाय त्यांच्या डाव्या हाताला दिसतो. ज्या मुली आरशासारखी नक्कल करतात, त्या डावा पाय उचलतात. ज्या मुली मनातल्या मनात "हा बाईंचा उजवा पाय" असा हिशेब करतात, त्या उजवा उचलतात. व्हिडिओ पलटला तर पहिल्या मुली बरोबर येतील आणि दुसऱ्या चुकायला लागतील. म्हणजे वर्ग अर्धा-अर्धाच राहील, फक्त बाजू बदलेल.

त्यात सेल्फी कॅमेरा भर घालतो. रेकॉर्ड करताना पडद्यावर आपण आरशातल्यासारखे दिसतो, पण आयफोन साठवताना चित्र सरळ करतो. सेटिंग्जमध्ये कॅमेऱ्याखाली 'मिरर फ्रंट कॅमेरा' चालू असेल तर मात्र ते पलटलेलंच साठवलं जातं. अनेक अँड्रॉइड फोनच्या कॅमेरा सेटिंग्जमध्येही असाच पर्याय असतो. तुमच्या फोनवर तो कसा आहे ते एकदा तपासा. छातीजवळ 'उजवा' लिहिलेला कागद धरून पाच सेकंद रेकॉर्ड करा. अक्षरं वाचता आली तर व्हिडिओ सरळ आहे.

झूमवर क्लास घेत असाल तर तिथलं 'मिरर माय व्हिडिओ' फक्त तुमच्या स्वतःच्या पडद्यापुरतं असतं. तुम्ही ते चालू करा नाहीतर बंद, मुलींना तुम्ही सरळच दिसता. गूगल मीटवरही आपलं चित्र आपल्याला आरशासारखं दिसतं, समोरच्यांना सरळ.

माझं मत विचाराल तर पायांच्या कामासाठी पलटणं सोडून द्या. फोनचा मागचा कॅमेरा स्टँडवर लावा, त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहा आणि तत्कार रेकॉर्ड करा. तुमचा उजवा पाय मुलींच्या उजवीकडेच दिसेल, हिशेबच उरणार नाही. वर्गातही पहिल्या ओळीतल्या मुलीची पाठ बघूनच मागच्या शिकतात ना? हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली, आणि चेहरा पाठीमागून दिसत नाहीत, त्यासाठी समोरून दुसरा व्हिडिओ घ्या आणि तो पलटून पाठवा, सोबत "आरशासारखं करा" हे बोलून. उजव्या मनगटाला आणि उजव्या घोट्याला लाल फीत बांधा. आठ वर्षांच्या मुलीला डावं-उजवं समजावण्यापेक्षा "लाल पाय आधी" हे लवकर कळतं.

पाठवण्याआधी पलटायचं कसं? आयफोनवर फोटोजमध्ये व्हिडिओ उघडा, 'एडिट', मग चौकट कापण्याचं चिन्ह. वरच्या डाव्या कोपऱ्यात पाठीला पाठ लावलेले दोन त्रिकोण दिसतील, ते दाबा. आयओएस १३ पासून, म्हणजे २०१९ पासून, हे व्हिडिओलाही चालतं. मन बदललं तर 'रिव्हर्ट' दाबा, मूळ व्हिडिओ परत मिळतो. अँड्रॉइडवर अनेक फोनच्या गॅलरीत एडिटमध्ये तेच दोन त्रिकोण असतात. तुमच्या फोनवर नसतील तर इनशॉट अ‍ॅपमध्ये खालच्या पट्टीत 'फ्लिप' आहे.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा आहे. माझा डावा खांदा आखडला आहे. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्यायामाचे व्हिडिओ पाठवले, पण त्यात उजव्या खांद्याचे व्यायाम आहेत. नातू म्हणतो कॉम्प्युटरवर उलटे करता येतील. ताई, सविस्तर सांगा.
— एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर

उत्तर : काका, व्हिडिओतली व्यक्ती तुमच्याकडे तोंड करून उभी आहे का? असेल तर काहीही करू नका. तिचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला आहे. आरशात बघावं तसं तिच्याकडे बघा, तुमचा डावा हात आपोआप तेच करेल. एका कुशीवरचे आणि पाठमोरे व्यायाम असतील तेवढेच पलटून घ्या.

त्यासाठी व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर कॉम्प्युटरवर घ्या. व्हिडिओ त्यात लावा आणि कंट्रोल-ई दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात 'व्हिडिओ इफेक्ट्स', त्यात 'जॉमेट्री', तिथे 'ट्रान्सफॉर्म'समोर खूण करा आणि खालच्या यादीतून 'फ्लिप हॉरिझाँटली' निवडा. चित्र लगेच बदललं नाही तर व्हिडिओ थांबवून पुन्हा सुरू करा. मॅकवर हेच 'विंडो'मधल्या 'व्हिडिओ फिल्टर्स'मध्ये आहे. काम झाल्यावर ट्रान्सफॉर्मची खूण आठवणीने काढा. आणि पलटलेला व्हिडिओ मॅडमना एकदा दाखवाच, कारण हात किती वर न्यायचा हे त्यांनी तुमचा खांदा बघून ठरवायचं आहे.

प्रश्न : आमचं महिला मंडळ गणपतीच्या मिरवणुकीसाठी लेझीम बसवतंय. मी लॅपटॉपवर व्हिडिओ पलटला, छान दिसला. हॉलमधल्या टीव्हीवर पाठवला तर पुन्हा सरळ! असं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्ही यूट्यूबच्या खिडकीतलं कास्टचं चिन्ह दाबलं असणार. ते दाबलं की लॅपटॉप चित्र पाठवत नाही. तो टीव्हीला फक्त सांगतो, की अमुक व्हिडिओ लाव. मग टीव्ही तो स्वतः इंटरनेटवरून आणतो, आणि टीव्हीला तुमच्या पलटण्याची काय कल्पना? यूट्यूबऐवजी क्रोमच्या स्वतःच्या यादीतून 'कास्ट' निवडा आणि त्यात 'टॅब' निवडा. मग तुमच्या टॅबमध्ये जे दिसतं तेच टीव्हीवर जातं. चित्र अडखळत असेल तर एचडीएमआय केबल लावा. लेझीम तालावर चालते, ताल मागे पडला तर सराव वाया जातो, म्हणून मी केबलच सुचवेन.

इथे एका शब्दाने बरेच जण फसतात. टीव्हीच्या यादीत 'स्क्रीन मिररिंग' असतं. त्याचा आरशाशी काही संबंध नाही, फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवणं एवढाच त्याचा अर्थ. ते चालू करून चित्र पलटायची वाट बघू नका.

हॉलमध्ये प्रोजेक्टर असेल तर तुमचं काम आणखी सोपं. पडद्याच्या मागून चित्र टाकण्यासाठी प्रोजेक्टरच्या सेटिंग्जमध्ये 'रिअर' असा पर्याय असतो. पडदा मागून बघितल्यावर चित्र सरळ दिसावं म्हणून तो ते आडवं पलटतो. समोरून बघणाऱ्या तुम्हाला नेमकं तेच हवं आहे. 'सीलिंग' लिहिलेला पर्याय घेऊ नका, तो चित्र उलटं टांगतो. प्रोजेक्टर छतालाच बसवलेला असेल तर मात्र 'रिअर' आणि 'सीलिंग' दोन्ही असलेला घ्या. सराव संपल्यावर 'फ्रंट'वर परत आणा.

प्रश्न : मी फोन उलटा धरून पाहिला, १८० अंशांत फिरवून पाहिला, तरी डावं-उजवं बदलत नाही.
— विद्यार्थी, परभणी

उत्तर : बदलणारच नाही. डाव्या पायाची चप्पल कितीही गोल फिरवलीस तरी ती उजव्या पायाची होत नाही. फिरवणं वेगळं, पलटणं वेगळं. पण तुझ्या प्रश्नातच एक युक्ती दडलेली आहे. काही अ‍ॅपमध्ये फक्त उभं पलटणं असतं, ज्यात माणूस डोक्यावर उभा दिसतो. तसं पलट, फोनचं आपोआप फिरणं बंद कर आणि फोन उलटा धर. उभं परावर्तन आणि १८० अंशांचं भ्रमण मिळून आडवं परावर्तन होतं. वहीत (३, २) हा बिंदू घेऊन करून बघ. आधी (३, −२) आणि मग (−३, २).

प्रश्न : इंटरनेटवर एक जुना मराठी चित्रपट बघत होतो. दुकानांच्या पाट्या उलट्या, नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर. हे काय?
— वाचक, अमरावती

उत्तर : कुणीतरी तो पलटून टाकला आहे. चोरून टाकलेले चित्रपट यंत्राने ओळखू नयेत म्हणून असं करतात. पाट्या दिसत नसतील तर गाडीचं स्टिअरिंग किंवा पुरुषांच्या शर्टाची बटणं बघा. आपल्याकडच्या गाडीत चालक गाडीच्या डाव्या बाजूला बसलेला दिसला, तर चित्र पलटलेलं आहे. वर सांगितलेल्या रीतीने तो सरळ होईल, पण तसं करा असं मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांच्या वाहिनीवर तोच चित्रपट आहे का ते आधी शोधा. तिथे चित्रही स्वच्छ मिळतं.

प्रश्न : बाई, माझा मुलगा नऊ वर्षांचा, डावखुरा. तबला शिकायचा हट्ट धरून बसलाय. घरात सगळे म्हणतात उजव्या हाताची सवय लावा. व्हिडिओ पलटून त्याला शिकवू का?
— एक आई, सांगली

उत्तर : हे पत्र मी तीनदा वाचलं. त्याला सवय लावू नका. ज्या हाताला बोलावंसं वाटतं त्याला गप्प बसवलं की मूल किती मागे पडतं, ते मी स्वतः भोगलंय, आणि वर्गातल्या डावखुऱ्या मुलांमध्येही बघितलंय. त्याच्यासाठी तबला डावीकडे आणि डग्गा उजवीकडे मांडा. एवढंच करायचं आहे. ज्यांच्याकडे शिकायला जाणार आहे त्यांना पहिल्याच दिवशी हे सांगा, म्हणजे त्याची बैठक तशीच घडेल. ते तयार नसतील तर दुसरे गुरुजी शोधा. शोधायला वेळ लागला तरी चालेल.

व्हिडिओचं म्हणाल, तर तबल्याचे बहुतेक व्हिडिओ वाजवणाऱ्याच्या समोरून घेतलेले असतात. वाजवणाऱ्याचा तबला त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे पडद्यावर डावीकडे. तुमच्या मुलाचा तबलाही डावीकडेच. त्याला काहीही पलटावं लागणार नाही. डोक्यावरून घेतलेला एखादा बोटांचा व्हिडिओ असेल, तेवढ्यापुरता लॅपटॉप उघडा. बाकी वेळी तो थेट पडद्यासमोर बसू दे, जशी मी मावशीसमोर बसले होते.